वरच्या श्रेणीची घाई कशासाठी?

मुक्ताईनगरसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने आपला फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपुरता न ठेवता राज्य संघटनेच्या लीगमध्ये, म्हणजे क्लबांच्या पंक्तीला, नेऊन बसवावा काय? हा प्रश्न अजून कोणत्याही संस्थेच्या बैठकीत ठराव होऊन आलेला नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. परंतु ठराव होऊन आलेला प्रश्न हा बहुधा निकाल लागलेला प्रश्न असतो. मोठ्या शहरांतील लीगची वर्णने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज पाहणारी पोरे, 'आपलेही नाव तिथे का नको?' असे विचारू लागली आहेत, आणि पोरांच्या मागोमाग त्यांचे हौशी पाठीराखेही तसेच विचारू लागतील. तेव्हा निकाल लागण्यापूर्वीच दोन शब्द बोललेले बरे, असे आम्हांस वाटते.

ज्यांना असे वाटते त्यांची आम्ही थट्टा करणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आधी मांडले पाहिजे. आज खानदेशातील महाविद्यालयीन खेळाडूचा फुटबॉल-मोसम केवढा असतो? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस जातो. ती बाद पद्धतीची असली की पहिल्याच सामन्यात हरलेला संघ त्याच दुपारच्या एस. टी. ने घरी परततो. वर्षभर पहाटे उठून धावलेल्या मुलाचे क्रीडावर्ष एका सामन्यात समाप्त होते! ज्या थोड्या मुलांची निवड विद्यापीठाच्या संघात होते ते पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचतात. त्यात वर आले तर अखिल भारतीय स्पर्धा. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहावी. आणि पदवीचे शेवटचे वर्ष असेल तर तीही पाहू नये. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, परंतु त्यासाठी राज्य वा राष्ट्रीय पातळीवरील यश दाखवावे लागते. ज्याचा बाप दुसऱ्याच्या केळीच्या बागेत मजुरीला जातो, त्या मुलाच्या दृष्टीने खेळ हा केवळ विरंगुळा नाही. तो घराबाहेर पडण्याचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून शहरी सुशिक्षिताने 'खेळ खेळासाठी' असे सुभाषित ऐकवावे, यात फारसे शौर्य नाही.

इतके मान्य करूनही आमचे मत असे की, आज वरच्या श्रेणीत उडी घेणे हे या मुलांच्या हिताचे नाही. ते का नाही, हे सांगण्यासाठी प्रथम आपल्याच राज्यातील इतिहास चाळू.

पुण्याचे उदाहरण घ्या. २००७ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाच्या आश्रयाने पुणे एफ. सी. स्थापन झाला. दुसऱ्या श्रेणीतून तो खेळून वर आला, २००९-१० मध्ये आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तिसरा राहिला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. कर्तृत्वात काही उणे नव्हते. तरीही २०१५ मध्ये मालकांचे मन उडाले आणि संघ मिटला. त्याच शहरात भारत एफ. सी. नावाचा दुसरा संघ २०१४-१५ चा एकच मोसम खेळला. मोसम संपला, संघही संपला. मग डी. एस. के. शिवाजियन्स. शिवाजियन्स हा १९८७ पासूनचा जुना क्लब. दुसऱ्या श्रेणीत आपल्या वकुबाप्रमाणे खेळत होता. २०१५ मध्ये त्याला थेट प्रवेशाच्या मार्गाने, म्हणजे पैशाच्या जोरावर, आय-लीगमध्ये बसविण्यात आले. दोन मोसम झाले, पाठीमागचा उद्योगसमूह आर्थिक गर्तेत गेला आणि २०१७ मध्ये संघाचा गाशा गुंडाळला गेला. उरला होता इंडियन सुपर लीगमधील एफ. सी. पुणे सिटी, तोही २०१९ मध्ये नाहीसा झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या आणि बालेवाडीसारखे क्रीडासंकुल दारात असलेल्या पुण्याची ही कथा. मुंबईची याहून वेगळी नाही. २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओ. एन. जी. सी. हे दोन संघ परवान्याच्या अटी पुऱ्या करता न आल्याने २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले. माहीमचा केंकरे एफ. सी. मोठ्या जिद्दीने वर चढला आणि २०२२-२३ च्या अखेरीस पुन्हा खाली आला. उद्योगपतींचे खजिने आणि सरकारी महामंडळांचे आश्रय जिथे पुरे पडले नाहीत, तिथे तालुक्याच्या महाविद्यालयाचा जिमखाना-निधी किती दिवस पुरणार, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या हिशेबात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यांतील बहुतेक संघ खेळात हरून मेले नाहीत. ते मेले ते अन्नदात्याने ताट ओढून घेतल्यामुळे. वरच्या श्रेणीचा खर्च हा एकदा करून मोकळे होण्याचा खर्च नव्हे. दहा संघांची दुहेरी लीग म्हटली की १८ सामने, त्यांपैकी नऊ परगावी. भुसावळहून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटर; वीस-बावीस माणसांचे जाणे-येणे, मुक्काम, जेवण, आणि मधल्या दिवसांचे बुडालेले तास. हे नऊ वेळा, आणि दरवर्षी. यजमानपदाचे नऊ सामने घ्यावयाचे तर मैदान, पंच, रुग्णवाहिका आणि बंदोबस्त ही सारी व्यवस्था आपल्या खर्चाने. हा पैसा येणार कोठून? देणगीदार पहिली दोन वर्षे मिळतो, कारण पहिली दोन वर्षे छायाचित्रे छापून येतात. तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांच्या शुल्कात एक नवी ओळ वाढते. म्हणजे ज्या मुलीने आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, किंवा लावू दिला गेला नाही, तिच्या बापाने कपाशी विकून भरलेल्या शुल्कातून अकरा मुलांचा मुंबईचा प्रवास व्हावयाचा.

हे आम्ही काल्पनिक भय दाखवीत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांच्या श्रेण्या ठरलेल्या आहेत आणि खालच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत जाण्याची तेथील विद्यापीठांची धडपड हा एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला आहे. (ते ज्याला फुटबॉल म्हणतात तो बहुतांशी हातांनी खेळला जातो, पण तो वाद तूर्त बाजूला ठेवू.) अगदी वरच्या श्रेणीत शिरण्याचे प्रवेशशुल्क तेथे पूर्वी ५ हजार डॉलर होते, २०२३ मध्ये ते एकदम ५० लाख डॉलर करण्यात आले, तरीही उमेदवारांची रांग काही हटली नाही. या खेळासाठी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी शुल्क उकळणाऱ्या संस्था तेथे कमी नाहीत. पण त्याच देशात आयडाहो विद्यापीठाने २०१८ मध्ये आपण होऊन वरची श्रेणी सोडली आणि खालच्या श्रेणीत आपल्या जुन्या शेजाऱ्यांशी पुन्हा सामने सुरू केले. त्याहून मोठे उदाहरण शिकागो विद्यापीठाचे. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइझमन चषक १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो याच विद्यापीठाच्या जे बर्वँगरला. आणि अवघ्या चार वर्षांनी, १९३९ मध्ये, याच विद्यापीठाने हा खेळच बंद करून टाकला. पुढे १९६९ मध्ये तो पुन्हा रीतसर सुरू झाला. आज तो सर्वांत खालच्या, शिष्यवृत्ती न देणाऱ्या श्रेणीत खेळला जातो. त्यामुळे शिकागो विद्यापीठाची जगातली प्रतिष्ठा तसूभर उणी झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

तर मग विद्यार्थ्यांच्या संघाने वर जाऊच नये काय? असे आम्ही म्हटले तर ते खोटे ठरेल, कारण जाऊन दाखविणारे आहेत. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा संघ १९७९ मध्ये आयर्लंडच्या लीगमध्ये घेतला गेला. १९८४ मध्ये त्याने राष्ट्रीय चषक जिंकला आणि त्या जोरावर युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत इंग्लंडच्या बलाढ्य एव्हर्टनशी त्याची गाठ पडली. घरी शून्य-शून्य बरोबरी आणि परक्या मैदानावर एका गोलाने हार! त्याच एव्हर्टनने पुढे ती स्पर्धा जिंकली. वेल्समधील कार्डिफ मेट्रोपोलिटन विद्यापीठाचा संघ २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि २०१९ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत लक्झेंबर्गच्या एका क्लबाविरुद्ध घरचा सामना जिंकूनही, परक्या मैदानावरील गोलाच्या नियमाने बाहेर पडला. यांपैकी डब्लिनचा संघ कधी वर गेला, कधी खाली आला. पण खाली आला म्हणून कोणी कुलूप लावले नाही. कारण संघ ज्या खांबावर उभा होता तो खांब श्रेणीचा नव्हता. दरवर्षी नवी मुले शिकावयास येत होती, शिष्यवृत्ती मिळवून शिकत होती आणि शिकता शिकता खेळत होती.

याच्या अगदी उलट कथा इंग्लंडच्या बाथ विद्यापीठाची. 'टीम बाथ' हा तेथील संघ १९९९ मध्ये निघाला आणि एकेक पायरी चढत २००२ मध्ये एफ. ए. चषकाच्या मुख्य फेरीत जाऊन पोहोचला. १८८० नंतर कोणत्याही विद्यापीठाच्या संघाला हे साधले नव्हते. २००८ मध्ये त्याने आणखी एक बढती मिळविली. मग लीगच्या चालकांनी कळविले की, संघाची आर्थिक रचना स्वतंत्र कंपनीची नाही, सबब यापुढे बढती मिळणार नाही. विद्यापीठाने २००९ मध्ये संघ लीगमधून काढून घेतला आणि तो संपला. दहा वर्षांची चढण, आणि शेवटच्या वळणावर कागद आडवा आला. आपल्याकडेही वरच्या श्रेणीत परवान्याच्या अटी आहेत. संस्था हा क्लब नव्हे, विद्यार्थी हा व्यावसायिक नव्हे आणि प्राचार्य हा मालक नव्हे, हे कोणी तरी एक दिवस नियमपुस्तिका उघडून सांगणारच. ते सातव्या वर्षी ऐकण्यापेक्षा पहिल्या वर्षी वाचून घेतलेले काय वाईट?

येथे आमच्या मनातील एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. खेळाडू वर जाणे आणि संघ वर जाणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि वरच्या श्रेणीचे पुरस्कर्ते त्यांची गल्लत करतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. त्यासाठी कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीला राष्ट्रीय लीगमध्ये जावे लागले नाही. तो मुलगा पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला. कोल्हापुरात मात्र पाटाकडील तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे संघ वर्षानुवर्षे आपल्याच गावच्या लीगमध्ये, शाहू स्टेडियमवर, एकमेकांशी ईर्षेने झुंजत आहेत. प्रेक्षकांनी स्टेडियम भरते, कधीकधी गरज नसताना हाणामारीही होते (ती आम्हांस मुळीच मान्य नाही). पण संघ मरत नाहीत. पुण्याचे कोट्यवधींचे संघ लयास गेले आणि पेठांतल्या तालमींचे संघ राहिले. याचे कारण इतकेच की, तालमीचा संघ हा गल्लीचा असतो. तो खाली गेला तरी गल्ली कुठे जात नाही. गोव्याच्या धेंपो क्लबाचेही तेच. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा संघ २०१६ मध्ये राष्ट्रीय लीग सोडून गोव्याच्या लीगमध्ये परतला. घर शाबूत होते, म्हणून दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा खेळून २०२४ मध्ये त्याला आय-लीगमध्ये बढती मिळविता आली.

मुक्ताईनगरला असे घर आहे काय? खरे सांगावयाचे तर ना मुक्ताईनगरला, ना खानदेशातील बहुतेक तालुक्यांना. रेल्वेच्या वसाहती जिथे वसल्या तिथे फुटबॉल रुजला, ही भारतभरची रीत. भुसावळ तीसेक किलोमीटरवर आहे. पण भुसावळचे वारे महामार्गाने इकडे फारसे आले नाही. इकडे कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल हे खरे राजे. का, ते उघड आहे. फुटबॉलला पूर्ण मापाचे मैदान म्हणजे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, जवळजवळ पावणेदोन एकर सपाट जमीन लागते. आणि आपली जमीन कोणती? तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार माती. केळीला ती सोन्यासारखी, चेंडूला वैरीण. आषाढ-श्रावणात बुटाला चार बोटे चिखल धरते, मैदानावर पळणे म्हणजे रोवणी करणे होते. चैत्र-वैशाखात तीच जमीन तडकून भेगा पडतात आणि घोटा मुरगळावयास दुसरे निमित्त लागत नाही. पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेल्यावर दुपारी तर मैदानाकडे पाहवतही नाही. मुरमाचा थर, पाण्याचा निचरा करणारे चर, वरून रोलर आणि त्यावर टिकणारे गवत, इतके झाले तर मैदान; नाही तर ते केवळ रिकामे वावर. वरच्या श्रेणीचे स्वप्न पाहणाऱ्यांनी प्रथम पावसाळ्यात एकदा आपल्या मैदानावर अनवाणी फिरून यावे, अशी आमची त्यांना नम्र सूचना आहे.

श्रेणी वाढली की वस्तू बदलते, असा एक भाबडा समज आपल्या सार्वजनिक जीवनात फार बोकाळला आहे. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि २०१८ मध्ये तिची पहिली निवडणूकही झाली. या दोन्ही गोष्टी उचितच होत्या. पण फलक बदलला त्या दिवशी गावचा एकही रस्ता आपोआप रुंद झाला नाही, हे कोणताही रहिवासी शपथेवर सांगेल. रस्ता खणावा लागतो, खडी टाकावी लागते, आणि मग तो रुंद होतो. नव्या विद्यापीठाची गोष्टही तशीच. पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा खानदेशाच्या मुलांना पुण्याच्या गर्दीत हरवून जावे लागणार नाही, हा हेतू होता. खेळाच्या बाबतीत या हेतूचा पुरता लाभ आपण अजून उठविलेला नाही. आणि त्याआधीच मुंबई-पुण्याच्या गर्दीत पुन्हा शिरण्याची घाई!

मग करावे काय? आमची मागणी साधी आहे, आणि ती विद्यापीठाकडे जितकी आहे तितकीच संस्थाचालकांकडेही आहे. फुटबॉलची बाद पद्धत प्राथमिक टप्प्यात तरी सोडून द्यावी आणि जवळजवळच्या महाविद्यालयांची छोटी लीग सुरू करावी. मुक्ताईनगर, बोदवड, वरणगाव, भुसावळ, सावदा, रावेर ही गावे एका दिवसात जाऊन-येऊन होण्याजोगी आहेत. तेथील सहा संघ जमले तर एकूण १५ सामने होतात आणि प्रत्येक मुलाला किमान पाच सामने खेळावयास मिळतात. आजच्या एका सामन्याच्या जागी पाच! मुक्काम नाही, रेल्वेचे आरक्षण नाही, अभ्यासाचा आठवडा बुडणे नाही. दोन जिल्ह्यांत असे गट उभे राहिले की गटविजेत्यांची पुढची फेरी घ्यावी, आणि विद्यापीठाच्या संघाची निवड एका सकाळच्या चाचणीवर न करता या सामन्यांतील खेळावर करावी. मग पश्चिम विभागीय स्पर्धेत जाणारा मुलगा निदान तयार होऊन तरी जाईल. ज्याच्या अंगी खरोखरच गुण आहे त्याला क्रीडाप्रबोधिनीत वा एखाद्या क्लबात पाठविण्याची व्यवस्था संस्थेने करावी आणि त्याच्या एस. टी. च्या भाड्याची तरतूद करावी. संपूर्ण संघ मुंबईस नेण्याच्या खर्चात असे पुष्कळ मुलगे जातील. मुलगेच नव्हे, मुलीही. मुक्ताबाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात मुलींचा फुटबॉल संघ नसेल आणि मुलांचा संघ मात्र वरच्या श्रेणीत असेल, तर ती श्रेणी कोणत्या मापाने वरची म्हणावयाची?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. असल्या घरगुती लीगकडे पाहावयास कोणी येणार नाही, वृत्तपत्रेही चार ओळी छापणार नाहीत. यांतील वृत्तपत्रांपुरता दोष आम्ही पदरात घेतो. आंतरमहाविद्यालयीन सामन्याचा निकाल आतील पानावर, तोही विजेत्यांच्या सत्काराच्या छायाचित्राखाली छापण्याची रीत आमचीही आहे. ही लीग सुरू झाली तर तिचे निकाल आणि गुणतक्ता आम्ही नियमाने छापू, हे अभिवचन या पानावरून देतो. निवडसमित्यांच्या माणसांना तालुक्याच्या गावी आणणे मात्र आमच्या हाती नाही. ते विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने करावयाचे काम आहे.

पाच-सात वर्षे अशी लीग चालली, मैदान उभे राहिले, मुलींचा संघ उतरला, आणि त्यानंतर एखादा संघ आपल्या गटात सतत अजिंक्य ठरू लागला, तर तो प्रश्न पुन्हा काढावा. तेव्हा आम्ही त्याला विरोध करणार नाही. मात्र प्रवेश खेळून मिळालेला असावा, विकत घेतलेला नसावा, आणि त्याच्या खर्चाचा एक पैसाही विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जाऊ नये, या दोन अटी आम्ही तेव्हाही घालू. तूर्त एवढेच की, पावसाळा सरून काळी जमीन वाफशावर आली की चर खणता येतात आणि मुरूम टाकता येतो. ज्या संस्थेला पुढच्या मोसमात मैदान हवे असेल तिने त्याचा अंदाजखर्च दिवाळीपूर्वी मंजूर करून ठेवावा.